भिंतीपलीकडचा दम

आबा, खाट ओढताना तुम्ही भिंतीतली खुंटी धरून ठेवली होती. आई पायथ्याशी होती, मी उशाशी, आणि खाट हलत नव्हती. आईला वाटले, खाटेचा पाय जमिनीच्या खळग्यात अडकला असेल. ती वाकून पाहू लागली. मी तुमचा हात पाहिला. बोटे पांढरी पडली होती. पलीकडे मोकळ्या बखळीत हलगी कडाडत होती, पोरे शिट्ट्या मारत होती, आणि त्या सगळ्याच्या खालून एकच आवाज न तुटता चालला होता. हुतुतू, हुतुतू, हुतुतू. आई म्हणाली, "सोडा ना हात. मांगली खोलीमा आवाज येस नही." तुम्ही मान हलवली. बोलायला तेव्हा तुमच्याजवळ श्वास नसे, त्यामुळे तुमचे नाही म्हणणे आणि तुमचे दुखणे आम्हाला सारखेच दिसे. आईने डोळ्यांना पदर लावला. खाट तिथेच राहिली.

गावाकडची, कोरीटची जमीन काकांकडे होती आणि ती सगळ्यांना पुरणारी नव्हती, म्हणून तुम्ही नंदुरबारला कापसाच्या जिनात नोकरी धरलीत. सरकी आणि रुई जिथे वेगळी होते, त्या खोलीतली हवा तुम्ही हंगामामागून हंगाम आत घेतलीत. पुढे नोकरी सुटली. हवा छातीतच राहिली. डॉक्टर तिला दमा म्हणाले. त्या दिवसापासून आपल्या घरात फोडणी बंद झाली. खानदेशातल्या घरात मिरचीचा खकाणा उठत नाही, हे शेजारणींना खरे वाटत नसे. आई डाळ घरी शिजवायची आणि फोडणीची पळी घेऊन शेजारच्या चुलीवर जायची. तिथे मिरची तडतडली की पळीवर ताटली झाकून परत यायची. त्या चार पावलांत ती स्वतःचा श्वास रोखून धरी, जणू ठसका तिच्या नाकातून तुमच्यापर्यंत पोचला असता. तेव्हा मला हे रोजचे वाटायचे. आज ती ताटली डोळ्यांसमोर आली की मी हातातले काम थांबवते.

बखळ म्युनिसिपालिटीची होती. शाळेच्या ड्रिलमास्तरांनी तिथले गवत काढून, दगड वेचून हुतुतूचे मंडळ सुरू केले होते. विनापरवाना. आता ते रीतसर परवाना मागत होते आणि गल्लीतून हरकती गेल्या होत्या. सर्वांत मोठी हरकत समोर राहणाऱ्या एका कापूस दलालांची. परवाना नाकारला गेला असता, तर ती जागा त्यांना गाड्या सोडायला मिळणार होती. यात लपवाछपवी नव्हती. ते स्वतःच सांगत. पण हरकतीच्या अर्जात त्यांनी तुमचे दुखणे पुढे केले, कारण बखळीला लागलेली भिंत आपली होती. आईने त्यांना तसे करू दिले. तिला बखळ नको होती की गाड्या नको होत्या, हा प्रश्नच नव्हता. तिला तुमची एक शांत संध्याकाळ हवी होती. दलाल ओट्यावर बसून म्हणायचे, "भिंतना अल्याड दमा, पल्याड दम. मुनशिपाल्टीनी बरी वाटनी करी दिधी शे." गल्ली हसायची. आई हसायची नाही.

खाट हलली नाही त्या संध्याकाळी मी तुमच्या उशाशी बसून राहिले. मी मराठी चौथीत होते आणि कविता पाठ करत होते. मध्येच मी थांबले. तुमचे ओठ हलत होते. देवाचे नाव घेताना ओठ जसे हलतात तसे नव्हते ते. शिट्टी वाजवावी तसे गोल झाले होते आणि त्यांतून हवा बारीक, सावकाश बाहेर येत होती. पलीकडे गडी परक्या अंगणात शिरला होता. तो हुतुतू म्हणत होता आणि तुम्ही, आवाज न करता, त्याच्याबरोबर होतात. छातीतली शीळ, जिच्यावर आई स्वयंपाकघरातून कान ठेवून असायची, ती खाली खाली जात होती. मग कडाडकन हलगी वाजली. तुमचे ओठ उघडे पडले आणि उबळ आली. आई धावली. तिने भिंतीकडे पाहून शिव्या दिल्या. ती आली तेव्हा तिला उबळच दिसली. आधीचे काही दिसले नाही. मी तिला सांगितले नाही. सांगण्यासारखे काही पाहिले आहे, हेच मला कळले नव्हते. तुम्ही लहानपणी कोरीटच्या खळ्यावर हुतुतू खेळायचात, हेही मला पुढे कळले.

म्युनिसिपालिटीने एक वकील मेंबर पाहणीला पाठवले. ते पुण्याकडचे. अहिराणी त्यांना अर्धी कळे आणि अर्धी कळल्यासारखी वाटे. त्यांच्यासोबत दलाल आले, आणि मागे ड्रिलमास्तर. मास्तर पायताण बाहेर काढून उंबऱ्याच्या आत उभे राहिले. आईने पाट दिला तरी बसले नाहीत. बाहेर खेळ चालू ठेवायला वकिलांनीच सांगितले होते, म्हणजे आवाज किती येतो ते ऐकता येईल. ते खाटेजवळ वाकले आणि म्हणाले, तुम्हाला जास्त बोलायला लावत नाही, या खेळाचा त्रास होतो का, हो की नाही एवढेच सांगा. आई तुमच्याकडे पाहत होती. मास्तर जमिनीकडे.

तुम्ही हात उचलून भिंतीवर ठेवलात आणि म्हणालात, "माले दम आठून येस."

शब्द तुटक येत नव्हते. एका श्वासात निसटले होते, एकमेकांना चिकटून. दमाठून येस, असे ऐकू आले. वकिलांनी मान डोलावली. "दमा इथूनच येतो," ते गंभीरपणे म्हणाले, आणि मास्तरांकडे वळले. झाले होते. मास्तरांनी हात जोडले. आता ते जायला निघणार, असे मला दिसले. मी म्हणाले, दमा नाही, दम. वकिलांनी माझ्याकडे पाहिले. रागावले नाहीत. "दोन्हींत फरक काय, बाळ?" त्यांनी विचारले. मला फरक माहीत होता आणि सांगता येत नव्हता. शाळेच्या मराठीत तो शिकवलेला नव्हता. आई माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी तिच्याविरुद्ध बोलले आहे. तेवढ्यात दलालांनी घसा खाकरला. साहेबांशी बोलताना ते शाळेची मराठी काढत. मानेवरून हात फिरवत, कोणाकडेही न पाहता ते म्हणाले, "पोरगी बरोबर सांगते, साहेब. तो दमा बोलला नाही. दम बोलला." मग थोडे थांबून, जणू आपल्या गाड्या डोळ्यांदेखत परत चालल्या आहेत असे पाहत, पुढे म्हणाले, "आता भिंतीतून दम कसा येतो, ते मला नका विचारू."

विचारले तुम्हालाच. तुम्ही मास्तरांना बोट दाखवून खूण केलीत: हलगी बंद. मास्तर बाहेर गेले. हलगी थांबली. शिट्ट्या थांबल्या. जिनाच्या बाजूने येणारी घरघर तेवढी राहिली. मास्तरांचा आवाज आला, एकाला आत जायला सांगणारा, आणि मग तो शब्द सुरू झाला. हुतुतू, हुतुतू. तुम्ही उशीला टेकलेले आहात. ओठ गोल होतात. वकील वाकलेलेच आहेत, आई स्वयंपाकघराच्या दारात, दलालांचे तोंड किंचित उघडे. पलीकडचा गडी पुढे सरकतो, मागे येतो, हे आवाजावरूनच कळते, आणि तुम्ही त्याच्या पावलापावलाला आहात. छातीतली शीळ बारीक होते, मग नाहीशी होते. त्या खोलीत तुमचा श्वास ऐकू येत नाही. आपल्या घरात असे कधी झाले नव्हते. मी पाहते, आई स्वतः श्वास घेत नाही; तिला भीती वाटते की तिने हवा आत घेतली तर ती तुम्हाला कमी पडेल. तुमच्या कपाळावरची शीर सैल होते. मी तुमची मुलगी, तुमच्याशेजारी झोपणारी, आणि तो चेहरा मी ओळखत नव्हते. तो कोरीटच्या खळ्यावरचा चेहरा असावा.

पलीकडचा आवाज चालूच होता, तेव्हा तुमचे ओठ मिटले. तुम्ही हवा आत घेतलीत, सहज, जशी आम्ही घेतो. आणि म्हणालात, "मरी गऊ मी. आते उठाडा कोनी."

आईने तोंडावर हात ठेवला. तिने मरी गऊ एवढेच ऐकले. हुतुतूत ज्याचा दम तुटतो तो मरतो, आणि आपल्यातला कोणी परक्याला मारून आला की तो उठतो, हे तिला ठाऊक नव्हते. दलालांना होते. ते मांडीवर थाप मारून हसले, मग साहेबांसमोर हसल्याबद्दल ओशाळले. वकील मात्र हसले नाहीत. त्यांना अर्थ कोणी सांगितला नाही तरी ते तसेच उभे होते, टोपी हातात घेऊन. ती कधी काढली, ते त्यांनाही आठवत नसावे. दारात मास्तर परत आले होते. त्यांनी विचारले, मग काय करायचे. तुम्ही म्हणालात, "हलगी नको. ती मन्हा दम तोडस. खेयू द्या."

ते गेल्यावर आई खाटेच्या कडेला बसली. तिने गोधडी सारखी केली. मग म्हणाली, "मंग माले सांगानं व्हतं ना."

"तुले सांगाले दम कोठे व्हता?" तुम्ही म्हणालात.

ती हसली की रडली, ते मी सांगू शकत नाही. मी तेव्हा तिच्या पाठीमागे होते.

परवाना त्याच आठवड्यात अटींसह मिळाला. ढोल-हलगी नाही, शिट्ट्या नाहीत, बघ्यांनी आरडाओरड करायची नाही, दिवेलागणीला खेळ बंद. गल्ली म्हणाली, मग बघायला येणार कोण. पहिल्या संध्याकाळी सगळी गल्ली आली. गप्प राहून खेळ कसा बघतात, हेच बघायला आली असेल. तुम्ही, आई आणि मी भिंतीच्या अलीकडे. आईने त्या दिवशी चूल लवकर उरकली होती. एक आवाज उठायचा, त्या सगळ्या माणसांतून एकटा, आणि डावीकडून उजवीकडे जायचा. माणसे आहेत हे कशावरूनही कळत नव्हते. मग दम तुटला किंवा गडी परत आला, की एकदम कळायचे: इतका वेळ ती सगळी श्वास धरून उभी होती, आणि आता सोडत होती. तो श्वास भिंतीवरून आपल्या अंगणात यायचा. शेतात वारा सुटल्यावर ज्वारी हलावी तसा. पुन्हा दुसरा आवाज उठायचा, आणि पुन्हा सगळी बखळ थांबायची. तुम्ही प्रत्येकाबरोबर गेलात. मेलात, उठलात, परत गेलात. आई तुमच्या तोंडाकडे पाहत होती आणि एका वेळी, मला दिसले, तिचेही ओठ गोल झाले होते. तिचा दम तुमच्याहून आधी तुटला.

पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. दम्यानेच. त्या खेळाने तुम्हाला बरे केले असे मी कधी कोणाला सांगितले नाही, कारण तसे झाले नाही. पण कवितेच्या ओळीत यती, म्हणजे श्वासाचा थांबा, कुठे येते आणि का येते, हे मी पुढे आयुष्यभर वर्गात शिकवले, आणि दर वेळी फळ्याकडे वळताना माझ्या कानात ती बखळ असे. पुस्तकातले उदाहरण मी मुलांना द्यायचे. माझे माझ्यापाशी ठेवायचे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे लिहायला बसतानाच माहीत होते. एक गोष्ट मात्र तुम्हालाच सांगता येईल. त्या बखळीतला एकही डाव मी डोळ्यांनी पाहिला नाही. मुली तिकडे जात नसत. मोठेपणी एका सामन्याला मला पाहुणी म्हणून बोलावले, पहिल्या रांगेत बसवले. कर्णे लागले होते, लोक ओरडत होते, गडी माझ्या पायांशी येऊन पडत होते आणि मला खेळ समजेना. मी डोळे मिटून घेतले. शेजारच्या गृहस्थांना वाटले, बाईंना झोप लागली. मी त्यांना तसे वाटू दिले.

त्या पहिल्या गप्प संध्याकाळनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी, म्युनिसिपालिटीचा दवंडीवाला गल्लीत आला. आपल्या दारासमोर उभा राहून त्याने गळ्यातला ढोल जोराजोराने बडवला आणि पुकारले, की या बखळीजवळ यापुढे कोणी ढोल वाजवू नये. तुम्ही हसलात. आई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, पण उबळ आली नाही.