जनरेटरने हवा धरली

११ ऑक्टोबर, सकाळ. दौंड.
आज निघतो. गाडीला मोटरहोम म्हणायचं, 'तो टेम्पो' नाही, हे साधनाला पुन्हा एकदा बजावलं. रिटायर झाल्यावर माणसं गुडघे धरून बसतात. आम्ही नवरा-बायको राजस्थानला जाणार, तेही स्वतःच्या घरात बसून. साधनाची अट एकच. आधी तिच्या माहेरी, मांडवगण फराट्याला, भावाच्या रानात चार दिवस गाडीतच मुक्काम करून दाखवायचा. मला हसू आलं. मी काय भितो?

११ ऑक्टोबर, संध्याकाळ. मांडवगण.
पोचलो. गाडी मेहुण्याच्या, म्हणजे पृथ्वीराजच्या, उसाशेजारी लावली. जागा उत्तम. ऊस जरा जवळ आहे. आणि उंच.
पृथ्वीराज सहज बोलून गेला, "दाजी, परवा पल्याडच्या बांधावर बिबट्या दिसला व्हता. पर तुमाला काय, तुमी गाडीत." मी म्हणालो, रान त्यांचंही आहे. गावच्या जावयाने असंच बोलायचं असतं.
सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. डास फार. मग उकाडा, म्हणून एसी. बाहेर मोठा फ्लडलाइट, वाचायला बरा. हे सगळं डिझेल जनरेटरवर. तो गाडीच्या पोटातल्या कप्प्यात बसतो. कप्प्याला उसाच्या बाजूने जाळी आहे, तीही रुंद फटींची. साप आरामात आत येईल. पंजासुद्धा. एक पोतं दुमडून जाळीत ठासून बसवलं. गाडी बनवणाऱ्याला एवढी साधी गोष्ट सुचू नये?

तीच संध्याकाळ, थोड्या वेळाने.
जनरेटर बंद पडला. आपोआप. गुडुप अंधार. साधना म्हणते मी किंचाळलो. मी "कोण आहे" एवढंच विचारलं होतं.

१२ ऑक्टोबर, सकाळ.
उजाडल्यावर निदान केलं. डिझेलच्या नळीत हवा. आमच्या विहिरीवरचं इंजिन असंच मध्येच मान टाकायचं. "हवा धरली," असं माझे वडील, आबा, म्हणायचे. नट ढिला करायचा, हातपंप मारायचा, फेसाळ डिझेल वाहून जाऊ द्यायचं, नट आवळायचा. हाताला सवय आहे. फेस दिसला नाही, पण म्हातारपणी डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा. बटण दाबलं, लगेच सुरू! साधनाकडे बघितलं. ती कांदा चिरत होती.
दुपारी अनसाबाई नावाची बाई बीपी तपासून घ्यायला आली. गाडीला फिरता दवाखाना समजली. तिच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा. खुरपताना बिबट्याने मान धरू नये म्हणून इकडे बायका घालतात. मी तिला समजावलं, भीती आपल्या मनात असते. "मनात न्हाई वो दाजी, उसात आस्ती," म्हणाली आणि गेली. पट्टा कुठे मिळतो ते विचारून घेतलं. माहिती असावी.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ.
पुन्हा बंद. पुन्हा हवा काढली. साधनाने बॅटरी धरली. तिला उसाच्या बाजूला उभं केलं, तिकडून उजेड नीट पडतो. उसात काहीतरी सळसळलं. मी पाना बदलायला आत गेलो. पाना लवकर सापडेना. साधना बाहेरून म्हणाली, या हो, मांजर आहे. मांजर आणि बिबट्या एकाच कुळातले, हे तिला कोण सांगणार?
हवा काढल्यावर जनरेटर सुरू झाला, हे महत्त्वाचं.

१३ ऑक्टोबर, दुपार.
सकाळपासून हवा काढतोय. काढली की चालू, थोड्या वेळाने बंद. बोटांना डिझेलचा वास, भाकरीलाही. शेवटी दौंडच्या बिरदेव मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "काका, हवेचाच प्रॉब्लेम आसंल. आधी हवा बगा..." मी फोन ठेवला. पुढचं ऐकायची गरजच नव्हती. नेमकं माझंच निदान!
पृथ्वीराजकडून खिळ्यांचा पट्टा मागवला. दौंडला मित्रांना दाखवायला.

१४ ऑक्टोबर, सकाळ.
पट्टा घालून झोपता येतं. उशी मात्र फाटली.
खरं लिहायचं तर दिवा गेला की साधनाचा हात धरावासा वाटतो, आणि काल धरलाही. तिला सांगितलं, तुझी नाडी बघतोय.
हे पान नंतर फाडायचं.
निर्णय घेतला. असल्या जनरेटरच्या भरवशावर बायकोला राजस्थानच्या वाळवंटात नेणं हा बेजबाबदारपणा आहे. राजस्थान पुढच्या वर्षी. साधनाला सांगितलं. तुळजापूरच्या पुढे ती कधी गेलेली नाही. प्रवासासाठी घेतलेल्या सुती साड्या तिने पिशवीत परत घड्या करून ठेवल्या. मला वाईट वाटलं. हलकंही वाटलं, पण वाईटच जास्त.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ.
जनरेटर चालू आहे.
अजून चालू आहे. काहीतरी गडबड आहे.
जेवण झालं तरी चालूच. मी साधनाला म्हणालो, बघ, शेवटी सगळी हवा निघाली. ती म्हणाली, भावाने भुईमुगाच्या शेंगा दिल्या, भरायला पोतं नव्हतं, म्हणून दुपारी जाळीतलं ओढून काढलं. करपल्याचा वास मारत होतं. "आवो, त्याचं नाक दाबून ठेवलं व्हतं तुमी. तापून बंद पडायचा. तुमी नट फिरवत बसायचा तवर निवायचा, म्हणून चालू व्हायचा."
म्हणजे हवेचाच दोष. मी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होतो. तपशिलात थोडा फरक.
मग तिने विचारलं, आता जायचं ना? मी म्हणालो, मागचा टायर बघावा लागेल. एसीचा आवाज मला पटत नाही. ती म्हणाली, तुम्हाला भीती वाटते का? मी म्हणालो, छे. तिने परत विचारलं, अगदी हळू. हो म्हणालो असतो तर ती रागावली नसती. तीस वर्षांत कधी रागावली नाही. मी म्हणालो, छे, कसली भीती!

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ.
आमची तेजश्री शिरूरहून आली. मुलगी माझ्यावर गेली आहे, ड्रायव्हिंग उत्तम. कॉलेजात शिकवते, तिला दिवाळीची सुट्टी आहे. राजस्थानला ती आणि तिची आई, असं मायलेकींचं ठरलं. मी विरोध केला नाही. घरी कोणीतरी लागतंच.
आज गाडीत त्या दोघी झोपणार. मान अवघडली म्हणून मी पृथ्वीराजच्या घरी, माडीवर. इथून गाडी दिसते. जनरेटर एकसारखा चालू आहे. उसाच्या बाजूच्या खिडक्या सताड उघड्या टाकून दोघी हसतायत. राजस्थानातल्या हॉटेलांत काय काय खायचं याची मी यादी केली होती, ती तेजश्री मोठ्याने वाचत असावी.
मघाशी साधना वर आली. गोळ्या दिल्या. चादर दिली. जाताना दारात थांबून म्हणाली, आम्ही गेल्यावर दौंडला घरात एकटे झोपाल ना, की पृथ्वीराजला सोबतीला पाठवू?
पाठव म्हणालो.