पाकिटातल्या चित्रातला हरीणवाला

लिहून ठेवतो मी जोतीराम बिन कोंडीबा पवार, वय वर्षे एकसष्ट, पूर्वी गिरणीच्या हजेरी खात्यात कारकून, राहणार भवानी पेठ, सोलापूर. छातीत कळ येते, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी दडपण आणलेले नाही. आणणार तरी कोण, घरात मी एकटा.

१. माझ्या कमाईच्या दोन खोल्या व भांडीकुंडी एकुलती मुलगी चि. सौ. महानंदा हिने घ्यावी. परसातल्या आडावर शेजारच्या बजाबाईंचा काडीचाही हक्क नाही. वीस वर्षे ओरडतो आहे, आता कागदावर ओरडतो.

२. सिगारेटच्या पाकिटांतून निघणाऱ्या चित्रांची वही, चित्रे एकशे बारा, हीही महानंदास. मी जन्मात विडीसुद्धा ओढली नाही. चित्रे ऑफिसातल्या मंडळींकडून मागून घेतली. सगळी रानातली जनावरे: काळवीट, लांडगा, तरस, माळढोक. लोक विचारीत, पवार, हा कसला नाद? मी सांगे, मोहोळकडचे जमीनदार आम्ही, वाडवडिलांना शिकारीचा शौक. साफ खोटे. आम्ही फासेपारधी. शिंगांना फास बांधलेला पाळीव काळवीट घेऊन बाप जेऊरच्या माळावर रानातले काळवीट धरायचा. त्यावर मी वाढलो. पुढे मोहोळच्या एका मास्तरांनी ठेवून घेतले, शिकवले.

३. वहीत एक चित्र सुटे आहे. कोणा साहेबाने माळावर बापाचा फोटो काढला होता, त्यावरून सिगारेटवाल्यांनी ते छापले. काळविटाशेजारी उभा आहे तो माझा बाप. सन १९२१ साली स्टेशनावर कोणी त्याला ते दिले, नि तो तडक माझ्या ऑफिसात आला. गुडघ्यावर धोतर, तोंडभर हसू.

"जोत्या, हे बग, मी छापून आलोय की!"

"कोण हो हा, पवार?" कोणीतरी विचारले.

"आमच्या शेतावरचा गडी," मी म्हणालो. जीभ कशी झडली नाही माझी!

बापाने एकदा माझ्याकडे पाहिले. मग हात जोडले. "व्हय जी, मालकांचा गडी हाय मी. चुकून नाव घेतलं." चित्र मेजावर ठेवून गेला. मी दारापर्यंतही गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो वारला. मातीला गेलो नाही. रजेला कारण काय सांगणार होतो?

४. महानंदा, हे तुझ्या आईलाही कळू दिले नाही. तुझ्या सासऱ्यांना तर पाटीलकी सांगितली. लाज वाटते ती बापाची नव्हे, माझी. चित्र ठेवायचे की टाकायचे, तू ठरव. पण टाकण्याआधी एकदा नीट बघ. तो तुझा आजा.

५. साक्षीदार शिवलिंगप्पा त्या दिवशी ऑफिसात होते. त्यांना वरील सर्व वाचून दाखवले. सहीआधी ते जे बोलले, ते माझ्याच हाताने लिहितो:

"पवार, आमाला सगळ्यांना तवाच कळलं होतं. नाक तेच की. म्हातारा जिन्यात बसला होता, मी पाणी दिलं. इचारलं, पोरगा का तुमचा? म्हणला, 'न्हाय जी, एवढ्या मोठ्या मानसाचा बाप मी कुटला? पर कुनाला सांगू नका.' म्हणून आमी बोललो न्हाय."

मुक्काम सोलापूर, ता. ९ फेब्रुवारी १९३४.

सही: जोतीराम कोंडीबा पवार
साक्ष: शिवलिंगप्पा, हजेरी खाते
साक्ष: मडिवाळप्पा, भवानी पेठ