समोरच्या चुलीवरचा अप्पम

पाला,
२९ मार्च १९८६, पवित्र शनिवार

प्रिय एली चेचीस,
ई. स्तु. वि. वि.

ईशोची स्तुती असो, हे आपलं सवयीने लिहिलं. मनात काय आहे ते पुढे वाचशीलच. कुरियाच्चन भाओजींनी पाठवलेली मिरी पोहोचली. पिशवीला भोक होतं, आमचा पोस्टमन अजून शिंकतोय.

परवा पेसहाच्या गुरुवारी, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या दिवशी, मी नेहमीसारखा बेखमीर अप्पम केला. तांदूळ-उडीद वाटले, ओशानाच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळीचा क्रूस वर लावला, नारळाच्या दुधात गूळ शिजवला. जोसुकुट्टीचं जहाज गेल्यापासूनचा हा दुसरा पेसहा. लोक म्हणतात बुडालं. मी म्हणते, परतलं नाही. कंपनीनेसुद्धा पत्ता लागत नाही एवढंच कळवलं होतं, त्याच्यापुढे एक अक्षर नाही.

आपली आई, अम्मच्ची, गेली त्या वर्षी आपली चूल कशी थंड होती आणि शेजारच्या घराघरांतून अप्पम कसे आले होते, आठवतं? तू रडता रडता कुणाचा मऊ आणि कुणाचा चिकट ते ठरवत होतीस. मेलेल्या माणसाच्या घरात त्या वर्षी अप्पम होत नाही, दुसऱ्यांनी आणून द्यायचा असतो. म्हणून तर मी करते. माझ्या चुलीवर तो वाफवला गेला म्हणजे माझा मुलगा जिवंत आहे, इतका सरळ माझा हिशोब.

तर संध्याकाळी प्रार्थनेच्या आधी समोरच्या घरात नव्याने राहायला आलेली अन्नक्कुट्टी, मास्तरांची बायको, ताट झाकून दारात उभी. या घरचा मुलगा समुद्रात गेला, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. बिचारीने शेजारधर्म केला. मला मात्र कुणी शवपेटी आणून उंबऱ्यावर ठेवल्यासारखं झालं. मी म्हणाले, चुकीच्या घरी आलात, इथे कुणी मेलेलं नाही. आणि दार लावून घेतलं. क्रूस लावलेल्या अप्पमाच्या तोंडावर दार लावलं, चेची.

पुढचं त्याहून वाईट. हे मागच्या दाराने गेले, तिला गाठलं, क्षमा मागितली आणि ताट घेऊन आले. मेजावर दोन अप्पम. घरचा कर्ता म्हणून यांनी आपला अप्पम मोडला, मला दिला, जोसूचा वाटा बशीत बाजूला काढला. स्वतः मात्र त्यातला घास घेतला नाही. अन्नक्कुट्टीचा अप्पम पुढे ओढला, दुधात बुडवून सावकाश खाल्ला, आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

 विचारायचं राहिलंच काय होतं? यांनी मुलाला कधीच पुरलंय आणि मला कळवलेलं नाही.

नंतर जपमाळेला बसलो तर माझा आवाज यांच्या आवाजात मिसळेना. एकाच चटईवर बसून मी म्हणते परत दे आणि हे म्हणतात शांती दे. वरचा दोघांनाही काही देत नाही. तो ऐकतो तरी का, असं पहिल्यांदाच मनात आलं, आणि आलं ते जाईना.

उद्याच्या सणासाठी बदक आणलंय. शिजवीन, खाईल कोण माहीत नाही. रागव हवं तर, पण माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
त्रेस्या


तिरुवंबाडी,
१४ एप्रिल १९८६

लाडक्या त्रेस्यास,
ई. स्तु. अ. उ. आ.

पत्र वाचून आधी रागावले, मग रडले, मग चहा केला. क्रूसाच्या तोंडावर दार लावतात का गं? लहानपणी तू चर्चच्या अच्चनांच्या छत्रीवर शेण टाकलं होतंस, त्यापेक्षा हे मोठं झालं. सरळ समोरच्या घरी जा, पुन्हा बदक शिजवून घेऊन जा, आणि तिची क्षमा माग.

वक्कच्चनवर डूख धरू नकोस. पुरुषमाणसाला दुःख कुठे ठेवावं ते कळत नाही. तुझ्या नवऱ्याला एक अप्पम मिळाला, त्यात ठेवलं. त्यांनी खाल्लं म्हणून मुलगा मेला असं होत नाही.

आणि शंका आली म्हणून घाबरू नकोस. आपल्या किनाऱ्यावर येशूचं नाव घेऊन आला तो त्याचा शिष्य तोमाश्लीहाच मुळात शंकेखोर. येशू मरणातून उठला हे त्याच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणाला. शंकेचा मक्ता आपल्याकडे पहिल्यापासून आहे. तोही शेवटी गुडघ्यावर आलाच ना?

जोसूचं काम मी पवित्र आंतोनीवर सोपवलंय. हरवलेलं शोधून देणं हाच त्याचा धंदा. गेल्या महिन्यात माझं कर्णफूल कोंबड्यांच्या खुराड्यात सापडलं, ते त्यानेच दिलं. दर मंगळवारी मेणबत्ती लावते. माझा जोसू जिवंत आहे आणि येणार आहे, हे मी तुला लिहून देते. तू अप्पम करणं सोडू नकोस.

रानडुकरांनी यंदाही कप्प्याचे कंद उकरून खाल्ले. कुरियाच्चन त्यांना शिव्या देतात, डुकरं काही मनाला लावून घेत नाहीत. प्रकृतीला जप, जपमाळ सोडू नकोस, आणि म्हातारीच्या बोलण्यातला खडा काढून साखर तेवढी घे.

तुझी,
एली चेची


पाला,
२० ऑगस्ट १९८६

प्रिय चेचीस,
वि. वि.

बदक नेलं, क्षमा मागितली. अन्नक्कुट्टीने भांडं परत देताना त्यात पिकलेली केळी घालून दिली. तुझं एक काम झालं.

दुसरं होत नाही. तोमाश्लीहाचं सांगू नकोस मला. त्याला निदान जखम दाखवली, बोट घाल म्हणून हात पुढे केला. मला बोट घालायला जखमसुद्धा नाही. देह नाही, कबर नाही, अंगरख्याची बाही नाही. तेवढं दिलं असतं तर मीही गुडघ्यावर आले असते. आणि तुझ्या आंतोनीला सांग, कर्णफूल परत घे आणि मुलगा दे.

यांची जपमाळ सुरू झाली की मी स्वयंपाकघरात जाते आणि मुद्दाम भांडी वाजवते. हे आवाज थोडा चढवतात. शेवटी अच्चनांकडे गेले. जोसूसाठी मृतांची मिस्सा म्हणायची की जिवंतांची, असं विचारलं. भला माणूस. बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, प्रार्थना कशीही केली तरी पोहोचते. म्हणजे कुठे पोहोचवायची ते वरही माहीत नाही वाटतं.

आता खरं दुखणं सांगते. लिस्सी तुला आठवते, जोसूची वाग्दत्त वधू. चर्चमध्ये दोघांची नावं पुकारून झाली होती, ही एक फेरी करून आला की लग्न, असं ठरलेलं. तिचे वडील परवा आले होते. मान खाली घालून बसले, चहा तसाच गार झाला. एक स्थळ आलंय, मुलगा कोट्टयमला कंपाउंडर आहे, चांगला आहे, पण लिस्सी ऐकत नाही म्हणाले. तिने बापाला सांगितलंय, की त्रेस्या अम्मच्ची अप्पम करतात तोवर जोसू जिवंत आहे, आणि तो जिवंत आहे तोवर मी त्याची आहे.

 मी सगळा भार देवावर टाकून बसले होते, आणि या पोरीने तिचा भार माझ्यावर टाकलाय. माझ्यावर म्हणजे कुणावर, चेची? जी जपमाळेच्या वेळी भांडी वाजवते तिच्यावर.

तिच्या वडिलांना काय सांगू? तुझा सल्ला कळव, आणि कितीही कडू लिहिलं तरी मला टाकू नकोस.

त्रेस्या


तिरुवंबाडी,
१२ डिसेंबर १९८६

लाडक्या त्रेस्यास,
ई. स्तु. अ. उ. आ.

तू स्तुती गाळलीस ते पाहिलं. शाई संपली होती असं समजते.

उत्तराला उशीर झाला कारण चार वेळा लिहून चुलीत घातलं. लिस्सीला काही सांगू नकोस. तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही, माणूस येऊ शकतो. लाझरस चार दिवस कबरीत होता, सगळ्यांनी आशा सोडली होती, बहिणीसुद्धा येशूवर चिडल्या होत्या. उशीर का केलास म्हणून त्याला तोंडावर बोलल्या. तरी येशूने हाक मारली आणि भाऊ जिवंत होऊन बाहेर आलाच. तू त्या बहिणींपेक्षा वेगळी नाहीस. येत्या पेसहाला मी स्वतः येते. तुझ्या चुलीवरचा अप्पम खाते, जोसूचा वाटा बशीत काढलेला डोळ्यांनी बघते. तेवढा धीर धर.

मेणबत्ती चालू आहे. एक सांगू का, गेल्या मंगळवारी ती लावताना मला जोसूचा चेहरा आठवेना. मुंडू दुमडून फणसावर चढायचा ते आठवतं, चेहरा नाही. उगाच घाबरले. म्हातारपण आहे, दुसरं काही नाही. त्याचा एखादा फोटो असेल तर पाठव.

नाताळचा केक पाठवत नाही, मिरीसारखाच रस्त्यात संपेल. वक्कच्चनना आठवण सांग, आणि थोरल्या बहिणीचा हात धरून ठेव.

एली चेची


पाला,
३ एप्रिल १९८७

प्रिय चेचीस,

फोटो सोबत आहे. जवळ ठेव. चेहरा मलाही धड आठवत नाही, आवाज आठवतो.

परवा लिस्सी आली होती. पेसहा जवळ आला म्हणून घरचे तांदूळ घेऊन आली, जोसूच्या वाट्यात माझ्या हातचे घाला म्हणाली. सुपात ओतून निवडायला बसली. मी तिचे हात पाहिले. चोवीस वर्षांच्या मुलीचे नव्हेत, माझे वाटावेत असे. विचारलं तेव्हा कळलं, तो गेल्यापासून मासळी-मांस सोडलंय. तो येईपर्यंत नाही, असा नवस. लेंटचा उपवास सगळ्यांचा ईस्टरला सुटतो. हिचा सुटायला ईस्टर नाही.

मी ठरवून काही बोलले नाही. तोंडातून निघालं, की मोळे, पोरी, या वर्षी या घरात अप्पम होणार नाही.

तिने हातातला खडा आधी टाकला.  रडली नाही. अम्मच्चींना काही कळलंय का, एवढंच विचारलं. मी म्हणाले, हो. मग तिने तांदूळ पुन्हा पिशवीत भरले आणि घरी गेली. तिच्या वडिलांचा निरोप आलाय, कोट्टयमच्या लोकांना ईस्टरनंतर बोलावतायत.

मला काही कळलेलं नाही, चेची. मी खरं बोलले की खोटं, मला ठाऊक नाही. देव असेल तर त्याने हे माझ्याकडून वदवून घेतलं, नसेल तर मीच बोलले. दोन्हीकडे जोसू नाही. लाझरसच्या बहिणी चिडल्या खऱ्या, पण त्यांच्याकडे येशू उशिरा का होईना आला. माझ्याकडे कुणी आलं नाही. आता येणारही नाही असं वाटतं, आणि हे इतकं सरळ लिहिता येतं, याचीच भीती वाटते.

यांना सांगितलं. हे उठले, गेल्या वर्षीपासून तशीच ठेवलेली जोसूची बशी उचलून धुतली आणि पुसून कपाटात ठेवली. संध्याकाळच्या जपमाळेला मी भांडी वाजवली नाहीत. चटईवर बसले. तोंड उघडलं नाही, पण बसले.

तू येतेयस ते बरंच आहे. पण माझ्या चुलीवरचा अप्पम तुला मिळायचा नाही. समोर जाऊन अन्नक्कुट्टीकडे चूल मागून ठेवलीय. ती म्हणाली, दुपारनंतर मोकळी आहे, फक्त नारळ येताना आणा, आमचे खवट निघाले. तेव्हा तिच्याकडे पीठ वाट, तिच्या चुलीवर वाफव. झावळीचा क्रूस तूच लाव, माझ्या हाताने आता लागणार नाही. परक्याच्या हातचा त्या दिवशी मला गिळवला नसता, तुझ्या हातचा गिळेन.

मग रस्ता ओलांडून माझ्याकडे ये. या वेळी मी दार उघडीन.

सुरुवातीची स्तुती लिहिली नाही, तेवढी जागा सोडलीय. तुला जमलं तर माझ्यासाठी भर. आणि माझ्यात विश्वास उरला नाही म्हणून माया कमी करू नकोस, आता तेवढ्यावरच आहे.

तुझी,
त्रेस्या