स्वखुशीचं मौन

प्रिय धाकट्या,

छापायला जाण्याआधी एकदा नजर घाल म्हणून तू पाठवलेला आपल्या वस्तीचा इतिहास वाचला. डोकंच फिरलं. चाळीस वर्षांत तिथे कुणी कुणाला दुखावलं नाही म्हणे! अरे, लिहिताना हात कसा अडखळला नाही तुझा?

सगळं सगळ्यांचं, हे खरं. एकच स्वयंपाकघर, कपड्यांची एकच खोली, हाताला लागेल तो सदरा आपला. मुलंही सगळ्यांची. जन्म देणारीनं आपल्या लेकराला वेगळं काही द्यायचं नाही, देव डावंउजवं करत नाही, असं गुरुजी सांगायचे. त्यांच्या हसऱ्या डोळ्यांवर तू तीन पानं खर्ची घातलीस. आणि आईवर एकच ओळ: ‘शिवणघर सांभाळणाऱ्या या साधिकेने एक वर्ष स्वखुशीने मौन पाळले.’ स्वखुशीने! तू तेव्हा तीन वर्षांचा होतास, कबूल, पण मला विचारायला तोंड नव्हतं? तिच्याशी वर्षभर कुणी बोलायचं नाही, असा हुकूम होता. जेवताना तिच्या शेजारचं बाक रिकामं असायचं. मी समोरून गेले की ती शिवणातून मान वर करायची आणि मी शहाण्या मुलीसारखी भिंतीकडे बघायचे.

हुकूम का निघाला, ते तुला कुणी सांगितलं नसणार. दर आठवड्याच्या सभेत प्रत्येकानं उभं राहून दुसऱ्याची एक चूक प्रेमानं सांगायची, ही तर तिथली रीतच. त्या दिवशी मला कुणाचीच चूक सापडेना. मी नऊ वर्षांची. उभी राहिले आणि सांगून टाकलं, की धाकट्याला ताप आलाय, तर आई शिवणघरातून चोरून येते, त्याला मांडीवर घेते आणि ‘माझं सोनं’ म्हणते. आई समोरच बसली होती. गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला होता रे! आज सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते. आई मात्र त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही, तेव्हाही नाही आणि इथे माझ्याकडे राहायला आल्यावरही नाही.

परवा तिनं ती ओळ वाचली. चष्मा काढून म्हणाली, असू दे, पोरानं मेहनत केलीय. तिनं सोडलं असेल, मी सोडणार नाही. पुस्तक यायला महिना आहे आणि डॉक्टर तिला तेवढेही दिवस देत नाहीत. म्हणून हे पत्र. ती ओळ खोड. तिला वाळीत टाकलं होतं, तिच्या लेकीनं चहाडी केली म्हणून, असं लिही. ते पान घेऊन स्वतः ये, तिच्या उशाशी बस आणि मोठ्यानं वाच. मी तिथेच असेन. ‘लेकीनं’ या शब्दाशी आवाज खाली आणू नकोस.

तुझीच,
ताई