एक्क्याण्णव सालचा बॉल

कुंभार पिंपळगाव
६ जानेवारी २०२५

प्रिय भुजंग यास,
तुझा मामेभाऊ तातेराव याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर बेसबॉलचं नाव काढलं की तू फोन ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. पत्र ठेवता येत न्हाई, फाडावं लागतं, अन् तू कागद फाडणारा माणूस न्हाईस हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तर ऐक. आपल्या गावच्या पोरी मराठवाडा ढालीच्या सेमीफायनलला पोचल्या! हो, पोरी. आपल्या वक्ताला आपण खेळायचो, आता पोरं सगळी क्रिकेटच्या नादी लागली, तवा रखमाजी मास्तरानं पोरींच्या हातात बॅट दिली. आपला तेव्हाचा कॅप्टन रखमाजी, तोच. निजामोद्दीन टेलरची मदीहा बॉल फेकते. काय हात आहे पोरीचा! हिंगोलीवाल्यांना बॉल दिसलाच न्हाई.

माझं मात्र अन्न गोड लागंना. मॅच तेरा दिवसांवर असली तरी मी आतापासूनच अंगणात येरझाऱ्या घालून राह्यलो. तुझी वहिनी उषा म्हणाली, जिथं फिरता तिथं गवत उगवायचं बंद झालं. पहिल्या मॅचला घातलेला शर्ट मी धुवू देत न्हाई, म्हणून ती माझं ताट बाहेर ओसरीवर देते. देऊ दे.

भुजंग, एक्क्याण्णवला आपण ढाल घालवली तवापासून गाव वाट बघून राह्यलंय. शेवटचा डाव, दोन आउट झालेले, एका रननं आपण पुढं, अन् आपल्या दोघांच्या मधोमध उंच आलेला तो बॉल तुझ्या पायाशी पडला. त्यावरून गावानं तुला सोड्या म्हणलं, अन् आत्याला अजूनबी नळावर सोड्याची आई म्हणतात. मला वाटतं, एकदा ह्या पोरींनी ढाल आणली की तो विषय कायमचा मिटंल. कुणी काढणार न्हाई. मी माईकवर कॉमेंट्री करतो तवा लोक त्या किश्शाचा आग्रह धरतात, गेल्या सालीबी सांगावा लागला. तो तुझ्या कानावर गेला अन् तू दिवाळीला आला न्हाईस, हे मला समजलं.

एकोणीस तारखेला ये. आत्याची तब्येत बराबर आहे, गोळ्या मीच आणून देतो. वंदनाला आशीर्वाद. तुझा लोभ थोडा आटलाय, तेवढा भरून काढ.

तुझा,
तातेराव


नवीन जालना
११ जानेवारी २०२५

ती. तातेराव दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. वंदनानं आधी वाचलं, मग मी.

आईकडं लक्ष ठेवतोस याचं बरं वाटतं. पण सामन्याला मी येणार नाही. पत्रात तू लिहितोस की ‘आपण’ ढाल घालवली. माईकवर मात्र भुजंगनं घालवली असं सांगतोस. हा फरक तुझ्या लक्षात येत नसेल, माझ्या येतो. तू ज्याला किस्सा म्हणतोस त्याच्यापायी मी गाव सोडून ह्या बियाणं कंपनीच्या गोदामात आयुष्य काढलं. बाबा वर्षभर माझ्याशी बोलले नव्हते.

त्या दिवशी सांजच्याला पाण्याच्या टाकीखाली मी तुला एकच विचारलं होतं, की ‘माझा’ म्हणून तू आवाज दिलास का. तू नाही म्हणालास. मी मान्य केलं. त्यानंतर मी कधी काही विचारलं का? मग तूही तो विषय माझ्यापुढं मांडू नकोस.

एवढंच रखमाजीला सांग. आपल्या वेळी शिकवलं होतं की एकानं आवाज दिला की दुसऱ्यानं जागीच थांबायचं. ते चूक आहे. दुसऱ्यानं आवाज देणाऱ्याच्या मागं धावत जाऊन उभं राहायचं, सुटला तर धरता येतो. माझं नाव सांगू नकोस, कुणी ऐकणार नाही.

वहिनींना नमस्कार. शर्ट धुवायला टाक. तुमचा लोभ आहेच, त्याची मला कधी शंका नव्हती.

तुझा,
भुजंग


कुंभार पिंपळगाव
२० जानेवारी २०२५

प्रिय भुजंग यास,
आशीर्वाद.

जिंकलो! परभणीच्या संघाला सहा-पाचनं हाणलं. तुझी सूचना रखमाजीला सांगितली अन् तुझं नाव घेऊनच सांगितली. त्यानं मान डोलावली, त्याच दिवसापासून पोरींकडून तेच करून घेतलं.

अन् काय झालं ऐक. शेवटच्या डावात बॉल उंच गेला. अर्पिता अन् पायल दोघी त्याच्याखाली धावल्या. अर्पितानं ‘माझा’ म्हणून आवाज दिला. हातातला माईक मी खाली घेतला. बॉल अर्पिताच्या ग्लोजमधून निसटला. पण पायल थांबली नव्हती, तिच्या मागं जाऊन उभी होती, तिनं भुईला टेकायच्या आत धरला. मैदानभर नाचले लोक! तरी दोन-चार शहाणे पायलवर खेकसले, की दुसरीच्या बॉलात कशाला घुसलीस. तवा अर्पितानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आवाज मी दिला, सुटला माझ्याकडून, हिनं वाचवला. पंधरा वर्षांची पोर. दोन मिनिटं बी लागली न्हाईत तिला.

मला चौतीस वर्षं लागली, अन् ते बी कागदावर.

भुजंग, आवाज मी दिल्ता. ‘माझा’ म्हणून मीच ओरडलो, गलक्यात ते तुलाच ऐकू गेलं, म्हणून तू थांबलास. मंग बॉल खाली यायला लागला अन् मला एकदम वाटलं की सगळं मैदान माझ्याकडं बघून राह्यलंय. सुटला तर काय, असं मनात आलं अन् मी दोन पावलं मागं सरलो. लोक वर बॉलकडं बघत होते तवा मी सरलेला कुणाला दिसलो न्हाई, खाली बघितलं तवा तू दिसलास. टाकीखाली तू विचारलं तवा रखमाजी चार हातांवर उभा होता. माझ्या तोंडून न्हाई निघून गेलं. उद्या सांगू म्हणलं. उद्या उजाडेपर्यंत गावानं तुला नाव ठेवलं होतं. माईकवर तो किस्सा मी का सांगत आलो? मीच सांगत राह्यलो तर दुसरं कुणी दुसऱ्या तऱ्हेनं सांगणार न्हाई, म्हणून. एवढा मी नीच.

गावाला वाटतं तातेराव ढालीपायी येडा झालाय. मी मनाशी ठरवलं होतं, पोरी जिंकल्या की मी सुटलो, मंग सांगायची गरजच न्हाई. म्हणून जिवाला चैन न्हाई. फायनल दोन फेब्रुवारीला, अंबडच्या संघाशी, आपल्याच शाळेच्या मैदानावर आहे. तू म्हणशील ते करीन. म्हणशील तर माईकवर सांगतो.

लोभ ठेव म्हणायला तोंड उरलं न्हाई. सवयीनं लिहितो.

तातेराव


नवीन जालना
२६ जानेवारी २०२५

तातेराव,

वर नमस्कार लिहायला घेतला होता, हात चालला नाही.

माझा राग बॉलचा नाही. वीस वर्षांचं पोर होतास, घाबरलास. मीही घाबरलो असतो. राग आहे तो टाकीखालच्या ‘नाही’चा. मला आवाज आला होता. स्पष्ट आला होता. तू नाही म्हणालास म्हणून मी माझ्या कानांना खोटं ठरवलं. जालन्यात आलो तेव्हा पहिल्या पगारातून कानाच्या डॉक्टरकडं गेलो होतो, तुला माहीत आहे का? कान ठणठणीत आहेत म्हणाले. माझा त्यांच्यावरही विश्वास बसला नाही. गोदामात कुणी काही सांगितलं की मी पुन्हा विचारतो. वंदना काही बोलली की पुन्हा विचारतो. लग्न झाल्यापासून ती मला त्यावरून चिडवते. परवा तुझं पत्र वाचल्यापासून चिडवत नाही, स्वयंपाकघरात जाऊन रडते.

माईकवर सांगायचं नाही. माईक तुझा आहे, तिथं तू कशाचाही किस्सा करतोस. लोक टाळ्या देतील, मोठ्या मनाचा तातेराव म्हणतील. ते मला बिलकुल नको.

माझ्या आईला सांग. बाबा दोन हजार नऊला गेले, त्यांना आता कुणी सांगू शकत नाही. आई आहे. रोज तिच्या ओट्यावर बसून तू चहा पितोस. तिच्यासमोर बसून सांग, आणि फायनल संपायच्या आत सांग. ढाल जिंकल्यावर सगळेच सगळ्यांना माफ करतात. तसली माफी मला तुला द्यायची नाही.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

भुजंग


कुंभार पिंपळगाव
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय भुजंग यास,
आशीर्वाद देण्याची लायकी न्हाई, पण वयानं मोठा आहे म्हणून देतो.

तुझं पत्र गुरुवारी आलं. गुरुवारी आत्याकडं गेलो, चहा पिऊन आलो. शुक्रवारी गोळ्या द्यायला गेलो, गोळ्या देऊन आलो. शनिवारी गेलो तर तिनंच विचारलं की तुझं पोट बिघडलं का. रविवारी सकाळी तिनं माझ्या तळहातावर दहीसाखर ठेवली, गावाच्या पोरी जिंकू दे म्हणाली. ते खाऊन तसाच मैदानावर गेलो, सांगणं राह्यलंच.

दहा वाजता मॅच सुरू झाली. काय माणूस लोटलं होतं! झाडावर, शाळेच्या गच्चीवर. पाचवा डाव संपला तवा चार-चार अशी बरोबरी. सगळे बोलून राह्यले, ओरडून राह्यले, अन् मी माईक धरून उभा. तोंड उघडलं की तुझ्या पत्रातलं ‘संपायच्या आत’ एवढंच आठवायचं. शेवटी मदीहाचा भाऊ इमरान शेजारी होता, त्याच्या हातात माईक दिला अन् निघालो. रखमाजी मागून ओरडला की ऐन वक्ताला कुठं चाललास. पळत सुटलो.

आत्या सुपात तूर घोळत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. ती घोळतच राह्यली. मला वाटलं ऐकू गेलं न्हाई, म्हणून तिच्यासमोर खाली बसलो अन् पहिल्यापासून सांगितलं, आवाज दिल्याचं, मागं सरल्याचं, टाकीखालचं. तिनं सूप बाजूला ठेवलं. भुजंगला हे ठाऊक आहे का, एवढंच विचारलं. आहे, पंधरा दिवसांपूर्वी लिहिलं, असं मी म्हणालो. मंग तिनं माझ्या थोबाडीत मारली. ऐंशीला टेकलेल्या हातात एवढा जोर असतो हे मला ठाऊक न्हवतं. मारली अन् रडली, रडता रडताच चपला शोधायला लागली. मला मैदानावर ने म्हणाली. मी म्हणलं, आत्या, मॅच संपू दे. तर ती म्हणाली, मॅच संपली की लोक घरी जातात.

तू माईकवर नको म्हणालास हे मी तिला सांगितलं, देवाशपथ सांगितलं. तिनं ते तातेरावसाठी असंल, आईसाठी न्हाई, असं उत्तर दिलं.

सहावा डाव संपून पोरी पाणी पीत होत्या. आपण पाच-चारनं पुढं. आत्यानं इमरानच्या हातून माईक घेतला अन् सांगितलं, की मी चतुराबाई, भुजंगची आई बोलतेय. माझ्या पोरानं बॉल सोडला न्हवता. आवाज माझ्या ह्या भाच्यानं दिला अन् हाच मागं सरला, हा उभा आहे, बघून घ्या. आजपासून माझ्या पोराला त्या नावानं हाक मारणाऱ्यानं माझ्या दारात पाय ठेवू नये. मंग ती पोरींना म्हणाली की, चला बायांनो, खेळा आता. कुणी हसलं न्हाई, टाळी बी न्हाई. गालावर पाच बोटं घेऊन मी सगळ्या गावासमोर उभा. रखमाजीनं टोपी काढली, येऊन आत्याच्या पाया पडला. माझ्याकडं बघितलं न्हाई, अजूनबी बोलत न्हाई.

सातव्या म्हणजे शेवटच्या डावात अंबडच्या तिन्ही पोरी मदीहानं आउट केल्या. असं लोक सांगतात. चौतीस वर्षं ज्या बॉलाची वाट बघितली तो मला दिसला न्हाई. पुढं माणसं उभी होती अन् मान वर करायची हिंमत न्हवती. आरडाओरडा झाला तवा समजलं की ढाल आपली.

तुला फोन लावू का म्हणून आत्याला विचारलं. तिनं कागदावरच लिहायला लावलं, म्हणजे तुझ्याजवळ राहील. सगळं वाचून घेतलं, दोन ठिकाणी मी स्वतःला सोपं करून लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. खाली तिची सही आहे, वाकडी आहे पण तिची आहे.

तुझा लोभ मागत न्हाई. आत्याला तुझी वाट आहे, एवढं सांगतो.

तातेराव
चतुराबाई


नवीन जालना
८ फेब्रुवारी २०२५

ती. तातेराव दादा यांस,
नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. वंदनानं मोठ्यानं वाचून दाखवलं. आईची सही बघितली. शाळेत शिकली तेवढीच अक्षरं आहेत, पण दाबून काढली आहेत.

पोरींना माझी शाबासकी सांग, पायलला वेगळी सांग. मदीहाला म्हणावं, हाताला विश्रांती दे.

पंधरा तारखेला शनिवारी येतोय, वंदनाही आहे. एवढी वर्षं मी अंधार पडल्यावर उतरायचो. ह्या खेपेला दुपारची गाडी घेणार आहे. आठ दिवसांची रजा टाकली, साहेबांनी कारण विचारलं तर नुसतं गावी जायचंय म्हणालो.

उतरणार आईकडं. तुझ्या घरी जेवायला येईन की नाही, तुझ्याशी काय बोलेन, ते मला आज माहीत नाही. राग गेलेला नाही. तो आहे, आणि काही दिवस राहील असं दिसतंय.

पण आईसाठी घेतलेलं सामान आणि वंदनाच्या पिशव्या मिळून ओझं फार होणार आहे. स्टँडवर ये.

भुजंग