कुणी घरी न नेलेली पुस्तकं

तीर्थरूप मधुकाकांना सीमंतिनीचा नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात द्यायची हिंमत मला होणार नाही, तरी लिहिते आहे.

दहा वर्षांत कुणी घरी न नेलेली पुस्तकं ग्रंथालयानं काढून टाकावीत, हा माझ्या एम.लिब.च्या प्रबंधाचा निष्कर्ष. दौलतगंजच्या आपल्या ग्रंथालयात नोकरी लागल्यावर मी तोच लागू केला. संगणकानं यादी दिली, मी सही केली आणि हजीऱ्याचा कबाडी सहाशे पुस्तकं रद्दीच्या भावानं घेऊन गेला.

दोन दिवसांच्या सुटीनंतर तुम्ही रिकाम्या कपाटापुढे उभे राहून विचारलंत, "बेटा, सुनंदाची पुस्तकं कुठे गेली?"

तेव्हा मला कळलं. काकू इथली पुस्तकं वाचताना समासात पेन्सिलीनं लिहायची. ती गेल्यापासून बारा वर्षं तुम्ही रोज इथे बसून तिचं अक्षर वाचत होतात. हरवतील या भीतीनं एकही पुस्तक घरी नेलं नाहीत. आणि बसून वाचणारे मी मोजलेच नव्हते.

"बाइंडिंगला दिली आहेत, काका," असं सांगून मी हजीऱ्याला धावले. कबाडी म्हणाला, "दीदी, वो माल तो कल ही पेपर मिल चला गया."

महिनाभर तुम्ही रोज विचारायला आलात. मग येणंच सोडलंत. तुमचा सुश्रुत सांगतो, आता तुम्ही खोलीबाहेरही पडत नाही.

हाच नियम आणखी दोन ग्रंथालयांत लावायचा म्हणून काल समितीनं अहवाल मागितला. 'वाचकांवर परिणाम' या रकान्यात मी लिहिलं, 'कोणाचीही तक्रार नाही.'

तुम्ही खरंच तक्रार केली नव्हती, काका.

तुमची पुतणी,
सीमंतिनी