पुढच्या फळीवरचं वजन

८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याला तेल लावतोय, काळजी नसावी. रोज होत नाही हेही खरं. आता मोठी बातमी. दुकानातली दारं-खिडक्यांची सुतारकामं उरकल्यावर उरलेल्या वेळात मी होडी एकट्यापुरती करून टाकली. इंजिनचा दांडा सायकलच्या ट्यूबने बांधला, त्यामुळे होडी आपली आपण सरळ चालते. गळाच्या काठ्या उभ्या राहाव्यात म्हणून दोन्ही कडांना पाइपचे तुकडे ठोकले आणि काठ्यांच्या शेंड्यांना घंट्या लावल्या. होडी हळूहळू चालते, गळ मागून ओढले जातात, मासा लागला की घंटी वाजते. बुद्धी बघ भावाची!

पण एक सांगतो. वीस वर्षं इंजिन माझ्याकडे आणि काठ्या दाजींकडे होत्या. त्यांची नजर गेल्यापासून होडी पालथी पडून होती. मला आता नेऊ नकोस असं तेच म्हणाले, तरी मला चोरी केल्यासारखं वाटतंय. तेव्हा हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
खिळ्या

१७ जानेवारी

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

वाचून दाखवू नकोस म्हणे! तुझं पाकीट यांना हातात घेताच वासावरून कळतं. दुकानातला सरस फासतोस ना त्याला! सगळं वाचावं लागलं. ऐकून हे भिंतीकडे तोंड करून बसले. चहा तसाच निवला. मला तुझा असा राग आला की सांगता सोय नाही.

तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. आठ महिन्यांत हे फाटकाबाहेर पडलेले नाहीत. विचारलं तर हो किंवा नाही, बस्स. माणूस घरात आहे आणि नाहीही. मला याचीच भीती वाटते रे, की हे असेच खुर्चीत बसून संपतील.

पण रात्री जेवताना आपणहून बोलले. म्हणाले, त्या शहाण्याला कळव, दांडा बांधलास आणि पाण्यात पडलास तर होडी तुला टाकून खुशाल निघून जाईल. इंजिनच्या बटणापासून मनगटाला दोरी बांध, म्हणजे पडलास की इंजिन बंद. आणि विचारलंय की तू एकटा मागे बसल्यावर होडीचं पुढचं टोक वर उचलतं का. फुशारकी न मारता खरं ते कळव.

माया कमी झालेली नाही, रागावले तरी.

तुझी,
ताई

२६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दाजींना कसं कळलं देव जाणे. टोक उचलतं. चांगलं हातभर उचलतं! मग वारा होडीला फिरवतो आणि मागच्या दोऱ्यांचा गुंता होतो. पहिल्या दिवशी मासा एक नाही, गाठी मात्र सतरा सोडवल्या. दोरीबाबत दाजींचं ऐकलं. काठाजवळ मुद्दाम उडी मारून पाहिली, इंजिन लगेच थांबलं. सर्दी झाली ती वेगळी.

टोक खाली बसावं म्हणून रेतीच्या पिशव्या टाकत गेलो. तीस-तीस किलोच्या दोन टाकल्यावर होडी अगदी पूर्वीसारखी सरळ चालायला लागली. त्या ठेवल्या पुढच्या फळीवर, दाजींच्या जागेवर. दुसरीकडे ठेवून चालतच नाही. परवा बोलता बोलता त्या पिशव्यांना मी सांगितलं की डावीकडचा गळ जरा ढिला सोडा. मग इंजिन बंद करून बसून राहिलो. हे त्यांना वाच किंवा वाचू नकोस, आता तुझ्यावर सोडतो.

आठवण असू द्यावी.

तुझा,
खिळ्या

४ फेब्रुवारी

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

वाचलं. दोनदा वाचायला लावलं. मग हे उठले, चपला चाचपल्या आणि मला म्हणाले, चल. कुठे ते सांगेनात. माझ्या खांद्यावर हात ठेवून फाटकाबाहेर पडले आणि आम्ही थेट कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात गेलो. तिथल्या पोत्यांच्या काट्यावर हे उभे राहिले! दुकानदार हसला, हेही हसले. मला मात्र रडू आलं, डोळे पदराने पुसले.

काटा अठ्ठावन्न दाखवतो. यांचा निरोप जसाच्या तसा देते. रेतीला काठी धरता येत नाही, मला येते, मासा लागलेला बोटांना कळतो, त्याला डोळे लागत नाहीत. रेती पाण्यात पडली तर तिला पोहता येत नाही, मलाही फार येत नाही, पण ओरडता तरी येतं. तेव्हा पिशव्या रिकाम्या करून ठेव. रविवारी पहिल्या बसने आम्ही निघतोय.

दोन किलो कमी पडतात, तेवढा डबा मी भरून देते. उरलेलं समक्ष.

तुझी,
ताई